दुखणं थांबल्यावरचा ईसीजी

धायरीत दवाखान्यांची कमतरता नाही. सिंहगड रस्ता सोडून फाट्यावरून गावाकडे वळलं की मेडिकलच्या दुकानाला लागून एक, बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक, सोसायटीच्या गेटाशेजारच्या गाळ्यात एक, अशा पाट्या धारेश्वराच्या देवळापर्यंत सोबत करतात. धायरीचा उरलेला भाग 2017 मध्ये पुणे महापालिकेत आला. वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती. धायरी-नऱ्हे पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत लेथवर उभा राहणारा कामगार, नोकरीसाठी आलेल्या मुलामागून गाव सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलेले आई-वडील, रविवारी पहाटे सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन परतणारे पन्नाशीचे गृहस्थ, सगळे याच दवाखान्यांच्या बाकांवर शेजारी शेजारी बसतात. यांच्यापैकी कुणाच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तर तो हृदयरोगतज्ज्ञ शोधत नाही. तो नेहमीच्या डॉक्टरकडे येतो, आणि बहुतेक वेळा दुखणं थांबल्यावर येतो.

ही पुस्तिका त्या ‘थांबल्यावर’साठी आहे. तिची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो, कारण ईसीजीवरची बहुतेक पुस्तकं ज्या रुग्णासाठी लिहिलेली असतात तो स्ट्रेचरवर असतो, घामाने भिजलेला, छाती आवळून धरलेला. सिंहगड रस्त्यावरच्या ओपीडीत येणारा माणूस चालत येतो. “डॉक्टर, रात्री दोनला जरा छातीत भरून आलं होतं. गॅसेस असतील. इनो घेतलं, अर्ध्या तासात मोकळं वाटलं. ही म्हणाली दाखवून या, म्हणून आलो.” ही म्हणाली नसती तर तो आलाही नसता. डॉक्टर ईसीजी काढतात. दुखत नाही, रक्तदाब ठीक, नाडी ठीक, आणि यंत्राने कागदाच्या माथ्यावर इंग्रजीत छापून दिलेलं असतं की ठोक्याची लय व्यवस्थित आहे. रुग्णाला पँटोप्रॅझोल मिळतं आणि तो कामावर जातो.

त्या कागदावर व्ही-टू आणि व्ही-थ्री या दोन पट्ट्या नीट पाहाव्यात, एवढंच या पुस्तिकेचं पहिलं मागणं आहे. तिथली टी लहर जरा वर उठून मग शून्यरेषेच्या खाली घसरत असेल, किंवा सरळ खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखी उलटी झाली असेल, आर लहर शाबूत असेल, क्यू नसेल, एसटी जवळजवळ जागेवर असेल, तर समोर निवांत बसलेल्या माणसाच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त नेणारी मुख्य शाखा, म्हणजे एलएडी, उगमाजवळच अत्यंत अरुंद झालेली असण्याची दाट शक्यता आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या हाइन वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हे मांडलं. अस्थिर अंजायनाच्या 145 रुग्णांपैकी 26 जणांत त्यांना ही खूण दिसली. त्यातल्या ज्या 16 जणांची बायपास झाली नाही, त्यांच्यापैकी 12 जणांना काही आठवड्यांतच पुढच्या भिंतीचा मोठा ॲटॅक आला. रुग्णसंख्या लहान आहे, पण सोळातले बारा हा आकडा वाचून कुणाही डॉक्टरचा हात पँटोप्रॅझोलवरून मागे यावा.

असं का होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. रात्री दोन वाजता त्या शाखेत गुठळी बसली होती आणि ती आपोआप थोडी विरघळली. रक्त पुन्हा वाहू लागलं, दुखणं थांबलं, आणि उपासातून उठलेल्या स्नायूने आपली टी लहर उलटी केली. म्हणजे उलटी टी ही रक्त पुन्हा सुरू झाल्याची खूण. आता गंमत पाहा. वाटेत ती शाखा परत बंद झाली तर हीच टी लहर सरळ होते. दुपारी तोच माणूस छातीत दुखतंय म्हणून परत येतो, ईसीजी काढला जातो, आणि सकाळी ‘काहीतरी उलटंसुलटं’ दिसणारा कागद आता देखणा दिसतो. सकाळचा कागद शेजारी नसेल तर डॉक्टर खुशाल म्हणतील, सुधारणा आहे. खरं तर त्या क्षणी स्नायू मरायला लागलेला असतो. ईसीजीतल्या खोट्या सामान्यपणाची याहून वाईट जागा मला माहीत नाही. आणि अशा माणसाला खात्री करून घेऊ म्हणून ट्रेडमिलवर चढवणं म्हणजे बंद होऊ घातलेल्या नळीची परीक्षा घेणं. ती परीक्षा कॅथलॅबमध्ये, अँजिओग्राफीच्या टेबलावरच व्हायला हवी.

उलटी टी दिसली की प्रत्येक वेळी एलएडी असंही नाही. फुप्फुसातली गुठळी, मेंदूतला रक्तस्राव, जुन्या रक्तदाबाने जाड झालेलं हृदय हे सगळे टी उलटवतात. त्या फरकांवर पुस्तिकेत एक आख्खं प्रकरण आहे आणि ते मला सर्वांत उपयोगी वाटलं. शेवटी निवाडा करते ती दुखण्याची हकीकत. कागद हकीकतीच्या मागे ठेवून वाचायचा.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण आरोग्य तपासणीच्या पॅकेजांनी तो घरोघर पोहोचवला आहे. शांत पडून काढलेल्या ईसीजीत ब्लॉकेज दिसत नाही. एखाद्या धमनीत सत्तर टक्के अडथळा असला आणि माणूस आरामात असला तर स्नायूला पुरेसं रक्त मिळतं आणि कागद स्वच्छ येतो. ईसीजी नळी दाखवत नाही, नळीवर अवलंबून असलेल्या स्नायूची विजेची तक्रार दाखवतो, आणि तीही त्या वेळी तक्रार असेल तरच. नेहमीचा बारा लीडचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने धावतो. एका पानावर सुमारे दहा सेकंद मावतात आणि प्रत्येक लीडच्या वाट्याला अडीच सेकंद येतात. ‘माझा ईसीजी नॉर्मल आहे’ या वाक्याचा आवाका तेवढाच. गेल्या महिन्यात पॅकेजमध्ये काढलेला ईसीजी चांगला होता म्हणून सिंहगडाच्या चढावर छातीत आलेली कळ अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. चढताना येते आणि बसल्यावर जाते अशी कळ असेल, तर कागद कितीही गुळगुळीत असला तरी पुढची तपासणी हवी.

मग गंभीर अडथळा कागदावर उमटतो हे माणसाला कळलं कसं? लायडनचे विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेच्या गॅल्व्हानोमीटरवर हृदयाची वीज टिपली. त्या यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं आणि रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात, म्हणून त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून ईसीजी मागवायला सुरुवात केली. आज धायरीतून व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो जातो, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. आइन्थोव्हेन यांना 1924 चं नोबेल मिळालं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये दाखवून दिलं की हृदयधमनीत अचानक गुठळी बसली तरी माणूस तत्काळ मरतोच असं नाही, तो जगू शकतो आणि त्याचं निदान जिवंतपणी करता येतं. 1920 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डी यांनी अशा रुग्णाच्या कागदावर एसटीचा भाग वर उचललेला दाखवला. पुढे छातीवरच्या लीड आल्या आणि पुढची भिंत दिसू लागली.

ही कथा पाश्चात्त्य शहरांतच फिरत राहिली असं वाटू नये म्हणून मुंबईचं एक नाव घेतो. डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगासाठी जगभर ओळखले गेले, त्यासाठी त्यांना 1957 चा लास्कर पुरस्कारही मिळाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं दुसरं काम महत्त्वाचं. साधी अंजायना आणि पूर्ण झालेला ॲटॅक यांच्या मधल्या अवस्थेवर, ॲटॅक येण्याआधीच्या त्या धोक्याच्या दिवसांवर, त्यांनी 1961 मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आणि 1964 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजीत लिहिलं. अँजिओग्राफी हाताशी नसताना, मुंबईच्या रुग्णांवरून, वेलेन्स यांच्या वीस वर्षं आधी. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे शिकवलं जात नाही याची मला खंत आहे.

1980 मध्ये अमेरिकेतल्या डीवूड आणि सहकाऱ्यांनी ताज्या ॲटॅकमध्येच अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत पाहिलेल्या रुग्णांपैकी 87 टक्के जणांची धमनी पूर्ण बंद सापडली. गुठळी हे कारण आहे हे त्याने पक्कं झालं, मग ती विरघळवण्याच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, आणि त्यातून एक व्यवहारी नियम ठरला: शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एसटी ठरावीक मिलिमीटर वर असेल तर रुग्णाला तातडीने न्या, नसेल तर थांबलं तरी चालेल. या नियमाने असंख्य जीव वाचवले. पण नियमाची सोय झाली की डोळे आळशी होतात. एसटी वर नसलेल्या, म्हणून ‘थांबलं तरी चालेल’च्या रांगेत बसवलेल्या रुग्णांत अँजिओग्राफीवेळी सुमारे चौघांपैकी एकाची धमनी पूर्ण बंद असते, असं 2017 च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. अमेरिकेतले स्टीफन स्मिथ, पेंडेल मायर्स आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून आग्रह धरून आहेत की मिलिमीटर मोजण्यापेक्षा ‘धमनी बंद आहे का?’ हा प्रश्न विचारा. सगळे तज्ज्ञ त्यांच्याशी शंभर टक्के सहमत नाहीत. मी बराचसा सहमत आहे, आणि पुस्तिकेची बांधणीही त्याच प्रश्नाभोवती आहे.

त्या रांगेत चुकून बसवल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक-दोन इथेच दाखवतो. 2008 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या रॉबर्ट डी विंटर यांनी एलएडी बंद असलेल्या 1532 रुग्णांपैकी 30 जणांत एक वेगळं चित्र पाहिलं: छातीच्या लीडमध्ये एसटी वर जाण्याऐवजी खाली सुरू होते आणि तिथूनच चढत उंच, टोकदार, सुडौल टी लहरीत मिसळते. नियमावर बोट ठेवणारा म्हणेल, एसटी खाली आहे, सबब घाई नाही. दोन टक्के म्हणजे थोडे, पण ते दोन टक्के पुढची सगळी भिंत गमावण्याच्या बेतात असतात. तसंच पाठीमागच्या भिंतीचं. नेहमीच्या बारा लीड पाठीकडे पाहत नाहीत, त्यामुळे तिथला ॲटॅक समोरच्या व्ही-वन ते व्ही-फोरमध्ये उलटा, म्हणजे एसटी खाली आणि आर उंच असा दिसतो. रुग्णाला कुशीवर वळवून तीन इलेक्ट्रोड डाव्या खांद्याच्या पात्याखाली, व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्सच्याच रेषेत मागे लावले तर उत्तर मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे, जेली थोडी जास्त लागते, इतकंच.

सॉर्बिट्रेटबद्दल दोन शब्द. छातीत दुखलं की जिभेखाली गोळी, ही सवय आता रुग्णांच्या खिशापर्यंत पोहोचली आहे. खालच्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये, म्हणजे लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी वर असताना, उजवं हृदयही सापडलेलं असू शकतं. अशा वेळी ही गोळी रक्तदाब धाडकन खाली आणते. म्हणून आधी कागद, मग एक इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला हलवून व्ही-फोर-आर, आणि मग गोळीचा विचार. खालच्या भिंतीच्या ॲटॅकची पहिली चाहूल पुष्कळदा एव्हीएलमध्ये लागते. तिथे एसटी खाली वाकते, टी उलटते, आणि खालच्या लीड अजून गप्प असतात.

आता दवाखान्यातल्या व्यवहाराकडे वळू, कारण अर्धी लढाई तिथेच हरली जाते. ईसीजी काढताना पाहा. छातीवरचे रबरी फुगे अंदाजाने बसवले जातात, व्ही-वन आणि व्ही-टू चौथ्या बरगडीच्या खाचेऐवजी गळ्याजवळ सरकतात, आणि तेवढ्याने टी उलटी दिसू शकते. बायकांच्या बाबतीत संकोचाने फुगे कुठेही लागतात. पडदा, एखादी बाई मदतनीस आणि थोडा धीर यांनी तो प्रश्न सुटतो. घामाने फुगा निसटतो, तेव्हा आधी छाती कोरडी पुसायची. कागदावर वेळ आणि ‘आता दुखतंय’ किंवा ‘आता दुखत नाही’ हे शब्द पेनाने लिहायचे. माझ्या मते कागदावरची ही सर्वांत मोलाची नोंद आहे आणि ती कुठलंही यंत्र छापत नाही. दुखतंय आणि कागद स्वच्छ आहे, तर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायचा, आणि दुखणं असेपर्यंत काढत राहायचा. लोक म्हणतील डॉक्टर पैसे लावतायत. दुसऱ्या ईसीजीचे पैसे घेऊ नका, वाद मिटतो.

आणि जुना कागद. हा थर्मल कागद असतो. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, उन्हाच्या खिडकीशी ठेवला की काही वर्षांत पांढरा पडतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येक रुग्णाचा बऱ्या वेळचा एक ईसीजी फोनमध्ये फोटो काढून त्याच्याच घरच्यांकडे ठेवायला सांगा. तरण्या, जिमला जाणाऱ्या पोरांच्या छातीच्या लीडमध्ये एसटी मुळातच वर असते, जाड हृदयाच्या रुग्णांत टी मुळातच उलटी असते. तेव्हा नवं काय आणि जुनं काय हे त्या फोटोशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मग तो कितीही नामांकित तज्ज्ञ असो.

आपल्या भागात हे का जास्त महत्त्वाचं? दक्षिण आशियात पहिला ॲटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतर देशांत 59 च्या सुमारास, असं इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या क्रिएट नोंदणीत भारतातल्या 89 रुग्णालयांतले वीस हजारांवर रुग्ण होते. एसटी वर असलेल्या ॲटॅकमध्ये दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ 360 मिनिटं निघाला. सहा तास! रुग्णालयात शिरल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला पन्नासच मिनिटं लागली. वेळ गेला तो घरी, ‘बघू सकाळी’मध्ये, रिक्षात आणि पहिल्या दवाखान्यात. तामिळनाडूत छोट्या रुग्णालयांना ईसीजी आणि फोनने मोठ्या केंद्रांशी जोडून पाहिलं, 2420 रुग्णांत वर्षभरातले मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 वर आले. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची सेवा आहे. तिच्या सुरुवातीच्या ताफ्यात 937 रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या 233 अद्ययावत जीवरक्षक. धायरीहून नऱ्ह्याचं नवले रुग्णालय, धनकवडीचं भारती किंवा एरंडवण्यातलं मंगेशकर नकाशावर लांब नाहीत. संध्याकाळी सातला सिंहगड रस्त्यावर निघून बघा. म्हणून निर्णय धायरीतच, पहिल्या खुर्चीत व्हायला हवा, आणि रुग्णाला स्कूटरवर बसवून पाठवू नये.

यंत्रबुद्धीने ईसीजी वाचणारी साधनं आता चांगली झाली आहेत आणि बंद धमनी ओळखण्यात काही जण त्यांना तज्ज्ञांच्या जवळ मानतात. ती वापरावीत. पण फोटो वाकडा, निम्मा कापलेला, ट्यूबलाइटची रेघ पडलेला असेल तर यंत्रही फसतं आणि मीही.

शेवटचं प्रकरण फोनवर काय बोलायचं याचं आहे, आणि ते मी आग्रहाने वाढवून घेतलं. “सर, ईसीजीत चेंजेस आहेत, पाठवू का?” या वाक्याला समोरून “एसटी वर आहे का?” असा प्रश्न येतो, “नाही” म्हटलं की “मग सकाळी ओपीडीत पाठवा” असं उत्तर येतं आणि फोन ठेवला जातो. त्याऐवजी असं सांगा: “पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, मधुमेह आहे, रात्री दोन ते अडीच छातीत आवळून आलं होतं, घामही होता, आता दुखत नाही. व्ही-टू, व्ही-थ्रीत टी दुतोंडी आहे, मार्चमधल्या कागदावर ती सरळ होती. दोन्ही फोटो पाठवले आहेत. मला एलएडीची शंका आहे, ॲम्ब्युलन्स बोलावली आहे.” एवढं ऐकल्यावर सकाळी पाठवा म्हणणं कुणालाही जड जातं. म्हटलंच, तर दुसरा नंबर लावा.